कोविडोत्तर भौतिकोपचार : श्रमाच्या मात्रेचा विचार

भौतिकोपचाराच्या शास्त्रात व्यायामाला औषधाचे स्थान आहे. औषध म्हटले की मात्रा आली, ती किती अंतराने द्यावयाची हा प्रश्न आला, आणि मात्रा अधिक झाल्याची खूण कोणती हेही ठाऊक असणे अवश्य ठरले. हृदयविकाराच्या, श्वसनविकाराच्या वा अस्थिभंगाच्या रुग्णांच्या बाबतीत ही खूण बहुधा व्यायाम चालू असतानाच दिसते. नाडी प्रमाणाबाहेर वाढते, दम लागतो, वेदना होते, आणि उपचारक तेथेच थांबतो. कोविड-१९ या रोगाच्या दीर्घकालीन परिणामांनी पीडित असलेल्या पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत मात्र ही खूण त्या वेळी दिसत नाही. ती दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी, रुग्ण उपचारकाच्या दृष्टीआड गेल्यानंतर, प्रकट होते. या एका गोष्टीमुळे 'थोड्यापासून आरंभ करून क्रमाक्रमाने वाढवीत जावे' हा भौतिकोपचारातील सर्वपरिचित नियम अपुरा पडतो. तो कोणत्या रुग्णांच्या बाबतीत अपुरा पडतो, का पडतो, आणि त्याच्या जागी कोणती पद्धत असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

एका नावाखालील अनेक अवस्था

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या विकाराची व्याख्या प्रसिद्ध केली. कोविडचा संसर्ग निश्चितपणे झालेल्या अथवा झाला असण्याचा संभव असलेल्या व्यक्तीत, रोगारंभापासून साधारणतः तीन महिन्यांच्या सुमारास जी लक्षणे आढळतात, किमान दोन महिने टिकतात आणि ज्यांचे स्पष्टीकरण दुसऱ्या कोणत्याही निदानाने होऊ शकत नाही, त्यांचा समावेश या व्याख्येत होतो. थकवा, धाप आणि बौद्धिक व्यवहारांतील मंदता ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. ब्रिटनमधील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर एक्सलन्स या संस्थेने (यापुढे 'नाइस') डिसेंबर २०२० मध्येच कालावधीनुसार विभागणी केली होती. चार ते बारा आठवडे टिकणारी लक्षणे हा एक वर्ग आणि बारा आठवड्यांच्या पुढे टिकणारी लक्षणे हा दुसरा.

या दोन्ही व्याख्या काळावर आणि लक्षणांवर आधारलेल्या आहेत, कारणावर नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. परिणामी एकाच नावाखाली भिन्न अवस्थांचे रुग्ण एकत्र येतात. भौतिकोपचाराच्या दृष्टीने त्यांचे ढोबळमानाने चार वर्ग पाडता येतील. पहिला वर्ग अतिदक्षता विभागात दीर्घकाळ राहिलेल्या, स्नायूंचा क्षय झालेल्या रुग्णांचा. दुसरा, फुप्फुस वा हृदय या इंद्रियांना प्रत्यक्ष इजा झालेल्यांचा. तिसरा, श्वसनाची लय बिघडलेल्या अथवा स्वायत्त चेतासंस्थेचे नियंत्रण ढळलेल्या रुग्णांचा. चौथा वर्ग श्रमानंतर काही काळाने ज्यांची सर्व लक्षणे बळावतात अशांचा. हे वर्ग परस्परांपासून सर्वस्वी अलग नाहीत. एकाच रुग्णात दोन किंवा तीन अवस्था एकवटलेल्या असू शकतात. तथापि उपचाराची दिशा ठरविताना हा भेद केल्याशिवाय गत्यंतर नाही. कारण पहिल्या वर्गाला जे उपकारक, तेच चौथ्या वर्गाला अपायकारक होण्याचा संभव असतो.

व्यायामाच्या बाजूचा पुरावा

प्रथम व्यायामाची बाजू पाहू, कारण ती भक्कम आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास सांगण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घटली आणि नंतरच्या नियोजित व्यायामाने ती भरून आली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने जितकी क्षमता गेली त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या शय्येने गेली होती, असे दिसून आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अत्यवस्थ अशा ६३ रुग्णांच्या मांडीतील एका स्नायूचे छेदक्षेत्र मोजण्यात आले. अवघ्या दहा दिवसांत ते सरासरी १७.७ टक्क्यांनी कमी झाले होते. निरोगी तरुणांची आणि अत्यवस्थ रुग्णांची ही गत पाहता, कोविडच्या तीव्र अवस्थेत व्हेंटिलेटरवर आठवडेच्या आठवडे काढलेल्या रुग्णाला खुर्चीतून उठताना आधार घ्यावा लागला तर त्यात नवल ते काय?

अशा रुग्णांसाठी पर्यवेक्षित व्यायाम उपयुक्त ठरतो, यास प्रत्यक्ष पुरावा आहे. 'रीगेन' या नावाने इंग्लंड व वेल्समध्ये झालेल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५८५ प्रौढांचा समावेश होता. हे सर्व जण कोविडसाठी रुग्णालयात दाखल होऊन किमान तीन महिन्यांपूर्वी घरी परतलेले होते. आठ आठवडे दूरस्थ पद्धतीने, गटागटाने दिलेल्या शारीरिक व मानसिक पुनर्वसनामुळे त्यांच्या जीवनमानात, केवळ एकदा सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेने, सुधारणा झाली. ती मोठी नव्हती, परंतु वर्षअखेरीपर्यंत टिकली. येथे दोन गोष्टी मात्र विसरता कामा नयेत. एक, हे रुग्ण रुग्णालयात राहून आलेले होते. घरीच सौम्य आजार काढून नंतर खालावलेल्या रुग्णांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. दुसरी, उपचारगटातील सुमारे ४७ टक्के लोकांनीच कार्यक्रम पूर्णतः पाळला. उरलेल्यांनी तो पूर्णपणे का पाळला नाही, या प्रश्नाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

श्रमोत्तर लक्षणवृद्धी

आता चौथ्या वर्गाचा विचार करू. शारीरिक, बौद्धिक वा भावनिक श्रमानंतर, त्या श्रमाच्या मानाने अवाजवी प्रमाणात, रुग्णाची लक्षणे बळावणे या अवस्थेस येथे 'श्रमोत्तर लक्षणवृद्धी' असे म्हटले आहे. ती बहुधा श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी सुरू होते आणि काही दिवस, क्वचित काही आठवडे टिकते. केवळ दमणूक एवढेच तिचे स्वरूप नसते. डोके जड होणे, शब्द न आठवणे, प्रकाश व आवाज सहन न होणे, झोप बिघडणे, घसा दुखणे, अंग मोडून येणे अशी अनेक लक्षणे एकत्र उसळतात. रात्रभर झोप घेऊनही ती ओसरत नाहीत.

ही अवस्था किती आढळते याची कल्पना २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीवरून येते. ५६ देशांतील ३,७६२ रुग्णांनी तीत उत्तरे दिली होती आणि त्यांपैकी सुमारे ८६ टक्क्यांनी व्यायाम, शारीरिक वा मानसिक कार्य अथवा ताण यांमुळे लक्षणे उलटत असल्याचे नोंदविले. उत्तरे देणारे लोक स्वेच्छेने पुढे आलेले असल्यामुळे हा आकडा सर्व रुग्णांना लागू करणे युक्त होणार नाही. परंतु ही तक्रार अपवादात्मक नाही एवढे त्यावरून निश्चित होते.

या तक्रारीला शारीरिक आधार आहे काय? जानेवारी २०२४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. श्रमोत्तर लक्षणवृद्धी असलेल्या २५ रुग्णांकडून आणि २१ निरोगी व्यक्तींकडून स्थिर सायकलवर कमाल श्रम करवून, श्रमापूर्वी आणि श्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे तपासण्यात आले. रुग्णांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियांची कार्यक्षमता मुळातच कमी होती, लवकर थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण अधिक होते, आणि श्रमानंतर स्नायूला झालेल्या इजेच्या खुणा वाढलेल्या आढळल्या. तत्पूर्वी २०२२ मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, केवळ दहा रुग्णांच्या एका अभ्यासात, हृदय व फुप्फुस यांत दोष नसतानाही रक्तातील प्राणवायू ऊतींकडून पुरेसा उचलला जात नसल्याचे दिसले होते. दोन्ही अभ्यास लहान आहेत. परंतु दोहोंची दिशा एकच आहे : अशा रुग्णाच्या असामर्थ्याचे मूळ केवळ सवय मोडण्यात नाही, तर ऊर्जानिर्मितीच्या यंत्रणेत आहे.

विरुद्ध बाजूचा पुरावाही मांडणे न्याय्य होईल. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील अभ्यासकांनी २०२४ मध्ये, रुग्णालयात न गेलेले ३१ रुग्ण आणि ३१ निरोगी व्यक्ती यांना तीव्र, मध्यम आणि बलवर्धक अशा तीन प्रकारचे व्यायाम एकेकदा देऊन ४८ तासांपर्यंत निरीक्षण केले. थकव्याच्या वाढीत या तीन प्रकारांमध्ये लक्षणीय भेद आढळला नाही, आणि व्यायाम सावधपणे द्यावयास हरकत नाही असे मत अभ्यासकांनी व्यक्त केले. यावरून व्यायाम सर्वांनाच निषिद्ध नाही हे सिद्ध होते. परंतु एकेका सत्राची ही सरासरी आहे. आठवडेच्या आठवडे वाढत जाणाऱ्या श्रमाचे काय होते, आणि अशा प्रयोगात भाग घेण्याइतके बळच ज्यांच्या अंगी नाही त्यांचे काय होते, हे तीवरून समजत नाही.

'सोसेल तितके' या शब्दांची मर्यादा

भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १३ सप्टेंबर २०२० रोजी कोविडोत्तर काळजीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात योगासने, प्राणायाम, आणि झेपेल अशा वेगाने सकाळ-संध्याकाळ चालणे यांचा समावेश होता, आणि हे सर्व प्रकृतीला मानवेल तितकेच करावे अशी मर्यादाही घातलेली होती. त्या वेळच्या ज्ञानाच्या मानाने हा सल्ला संयत होता. परंतु 'मानवेल तितके', 'सोसेल तितके' हे शब्द गृहीत धरतात की, सोसत नाही हे रुग्णाला करता करताच कळते. श्रमोत्तर लक्षणवृद्धीत नेमके हेच घडत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चौतीस वर्षे वयाची एक शिक्षिका सौम्य कोविडनंतर पाच महिन्यांनी उपचारकाकडे येते. सोमवारी तिला वीस मिनिटे चालावयास सांगितले जाते. ती चालते, नाडी ठीक राहते, मनही प्रसन्न होते. मंगळवारी ती उत्साहाने पंचवीस मिनिटे चालते. बुधवारी सकाळी तिला अंथरुणातून उठवत नाही, डोके भणभणते, फळ्यावर लिहिताना शब्द सुचत नाहीत. गुरुवारही तसाच जातो. शुक्रवारी थोडी सावरून ती उपचारकाकडे जाते, तेव्हा नोंद होते : 'व्यायामाच्या वेळी तक्रार नाही; मध्यंतरी दोन दिवस खंड; नियमितपणा वाढविण्यास सांगितले.' येथे उपचारकाने निष्काळजीपणा केला असे म्हणता येणार नाही. कारण आणि कार्य यांमध्ये दोन दिवसांचे अंतर पडल्यामुळे संबंध त्याच्याही लक्षात आला नाही आणि तिच्याही. उलट, बुधवारची अवस्था चालण्याच्या अभावी झाली असे दोघांनाही वाटू शकते. असे चक्र काही आठवडे चालले की रुग्णाची एकंदर पातळीच खाली येते आणि तिच्या कपाळी आळसाचा शिक्का बसतो.

दुसरी अडचण आमच्या समाजस्थितीतून उद्भवते. व्यायामाची मात्रा लिहून देताना दिवसभराच्या इतर श्रमांची गणना बहुधा होत नाही. पाणी भरणे, ओट्याशी उभे राहून स्वयंपाक करणे, कपडे पिळणे, गर्दीच्या गाडीत उभ्याने प्रवास करणे, पुलाचे जिने चढणे, हे सर्व श्रमच होत. ज्या गृहिणीची दिवसाची ऊर्जा दुपारीच संपते, तिला संध्याकाळी अर्धा तास चालावयास सांगणे म्हणजे भरलेल्या पेल्यात आणखी ओतणे होय. रोजंदारीवर काम करणाऱ्यास तर विश्रांती हीच परवडत नाही. म्हणून मात्रा ठरवावयाची ती व्यायामाची नव्हे, तर दिवसाच्या एकूण श्रमाची.

पूर्वानुभवाची साक्ष

अतिश्रमाने अपाय होतो ही गोष्ट भौतिकोपचाराला नवी नाही. महाराष्ट्रात या शास्त्राचे शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले, ते मुख्यतः पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाच्या निकडीतून. १९५५ साली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था मुंबईतच स्थापन झाली. त्याच दशकात, १९५८ साली, अमेरिकेतील बेनेट आणि नोल्टन यांनी असे दाखविले की, चेतातंतूंचा पुरवठा अंशतः तुटलेल्या स्नायूवर अधिक भार टाकल्यास त्याचे बल वाढण्याऐवजी घटते. पुढे, पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी उद्भवणाऱ्या दौर्बल्यातही थकवा येण्यापूर्वीच थांबावयाचे, हा नियम मान्य झाला. पोलिओ आणि कोविड यांची विकृती भिन्न आहे, हे उघड आहे. परंतु आजारी ऊतीचा श्रमाला मिळणारा प्रतिसाद निरोगी ऊतीसारखा असेलच असे नाही, हा धडा दोहोंना समान आहे.

दुसरी साक्ष दीर्घकालीन थकव्याच्या विकाराची. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६४१ रुग्णांच्या 'पेस' या चाचणीने क्रमवर्धी व्यायाम या विकारात उपयुक्त असल्याचा निर्वाळा दिला. तिच्या मापनपद्धतीवर आणि निकषांवर नंतर बराच वाद झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'नाइस' संस्थेने या विकारासंबंधीचे आपले मार्गदर्शन बदलले आणि ठरावीक प्रमाणात वाढवीत नेण्याचा कोणताही व्यायामक्रम अशा रुग्णांना देऊ नये असे सांगितले. त्याआधी जून २०२१ मध्ये 'वर्ल्ड फिजिओथेरपी' या आंतरराष्ट्रीय संघटनेने कोविडोत्तर रुग्णांसाठी टिपण काढून, व्यायाम देण्यापूर्वी चार गोष्टींची तपासणी आवश्यक ठरविली होती. त्या चार गोष्टींकडे आता वळू.

व्यायामापूर्वीची चतुर्विध तपासणी

पहिली तपासणी श्रमोत्तर लक्षणवृद्धीची. तिला यंत्र लागत नाही. नीट विचारलेले प्रश्न पुरतात. श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होते? पूर्वी सहज जमणाऱ्या कोणत्या कामानंतर असे होते? पूर्ववत होण्यास किती तास वा दिवस लागतात? वाचन, हिशेब किंवा दीर्घ संभाषण यांनंतरही असेच होते काय? लागोपाठ दोन दिवस कमाल श्रमाची चाचणी घेऊन दुसऱ्या दिवशीची घट मोजण्याची पद्धत संशोधनात आहे. परंतु ती चाचणीच रुग्णाला खाली ढकलू शकते, म्हणून नित्याच्या व्यवहारात ती टाळणे इष्ट.

दुसरी तपासणी हृदयाची. छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, धडधड किंवा पायांवर सूज असल्यास प्रथम वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. हृदयस्नायूचा दाह झालेला असल्यास तीन ते सहा महिने जोरकस श्रम वर्ज्य मानले जातात.

तिसरी तपासणी श्रमाच्या वेळी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते काय याची. एक मिनिट खुर्चीतून ऊठबस करवून अथवा चाळीस पावले चालवून ऑक्सिमीटरचे वाचन घ्यावे. विश्रांतीच्या वेळच्या वाचनापेक्षा तीन किंवा अधिक टक्क्यांची घट झाल्यास अधिक तपासणी अवश्य समजावी. गार बोटे आणि नखांवरील गडद रंग यांमुळे वाचन चुकते, आणि काळसर त्वचेवर ते वास्तवापेक्षा अधिक दाखविले जाऊ शकते, याचे भान आपल्याकडे विशेष असावयास हवे.

चौथी तपासणी स्वायत्त चेतासंस्थेची. रुग्णाला काही मिनिटे उताणे निजवून नाडी व रक्तदाब मोजावा, मग उभे करून दहा मिनिटे दर मिनिटास मोजत राहावे. रक्तदाब न घसरता नाडी मिनिटास ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच टिकली (बारा ते एकोणीस वर्षांच्या वयात ही मर्यादा ४० ची), आणि उभे राहण्याने लक्षणे बळावली, तर उभ्याने करावयाचे व्यायाम त्या रुग्णाला योग्य नव्हेत. त्याचा आरंभ निजून वा बसूनच झाला पाहिजे.

याखेरीज श्वसनाच्या लयीकडेही लक्ष द्यावे. नेदरलँड्समधील नायमेखन शहराच्या नावाने ओळखली जाणारी सोळा प्रश्नांची प्रश्नावली यासाठी सोपी आहे. एकूण ६४ गुणांपैकी २३ हून अधिक गुण पडल्यास अतिश्वसनाचा संशय घ्यावा. अशा रुग्णाला नाकाने, सावकाश, पोट हलेल असा श्वास घेण्याचे आणि उच्छ्वास लांबविण्याचे शिक्षण लाभते. भस्त्रिका किंवा कपालभाती यांसारख्या वेगवान क्रियांनी कर्बवायू अधिकच बाहेर पडून भोवळ येऊ शकते. म्हणून 'प्राणायाम करा' असे मोघम न सांगता कोणता प्राणायाम, हे स्पष्ट करावे.

श्रमनियोजनाची पद्धत

पहिल्या तपासणीत श्रमोत्तर लक्षणवृद्धी आढळल्यास उपचाराचा मध्य बदलतो. तेथे उद्दिष्ट क्षमता वाढविण्याचे नसून लक्षणांना स्थैर्य आणण्याचे असते. या पद्धतीला येथे 'श्रमनियोजन' म्हटले आहे. म्हणजे अंगी असलेल्या शक्तीच्या बेताने दिवसाची कामे आखणे. तिची सूत्रे अशी सांगता येतील.

रुग्णाने दोन आठवडे रोजनिशी ठेवावी. तीत शारीरिक कामे, बौद्धिक कामे, झोप आणि लक्षणे यांची नोंद असावी. उपचारकाने ती वाचताना आजच्या लक्षणांचा संबंध आजच्या कामाशी न जोडता, मागील दोन दिवसांच्या कामाशी जोडून पाहावा. वाईट दिवशीही जेवढे केले असता पुढील ४८ तासांत लक्षणे बळावत नाहीत, तेवढ्यास पायारेषा मानावी. बऱ्या दिवशी तिच्यापलीकडे जाण्याचा मोह आवरणे हा या पद्धतीतील सर्वांत कठीण भाग होय.

विश्रांती दमल्यानंतर नव्हे, दमण्यापूर्वी घ्यावी. ती आडवे पडून, डोळे मिटून, मोबाइल दूर ठेवून घ्यावी. भाजी बसून चिरणे, स्नान बसून करणे, केस धुणे आणि बाजारहाट एकाच दिवशी न करणे, लांबलचक काम दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत वाटणे, या गोष्टी क्षुल्लक दिसल्या तरी त्या उपचारच आहेत. नाडीवर लक्ष ठेवल्यास श्रमाची कमान ओळखण्यास मदत होते. तथापि वयावरून काढलेली सूत्रे ढोबळ असतात, आणि नाडी मंदावणारी औषधे चालू असल्यास ती उपयोगी पडत नाहीत.

अनेक आठवडे स्थैर्य लाभले तरच, आणि एका वेळी एकाच गोष्टीत, अल्प वाढ करून पाहावी. पुन्हा ४८ तास थांबावे. वाढ मानवली नाही तर मागे यावे, आणि ते रुग्णाचे अपयश समजू नये. येथे वाढ कॅलेंडरच्या हुकमाने होत नाही, रोजनिशीच्या साक्षीने होते. क्रमवर्धी व्यायाम आणि श्रमनियोजन यांतील भेद नेमका हाच आहे. उलटपक्षी, ज्या रुग्णात श्रमोत्तर लक्षणवृद्धी नाही आणि अन्य तीन तपासण्या निर्दोष आहेत, त्याला भीतीपोटी व्यायामापासून वंचित ठेवणे हीदेखील हानीच होय. डॅलसच्या पाच तरुणांचे उदाहरण त्याच्याही बाजूने उभे आहे.

संशोधकांसाठी दोन विचार

पदव्युत्तर प्रबंधांसाठी हा विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली मापनाविषयी. सहा आठवड्यांचा व्यायामक्रम आणि त्याच्या आधी व नंतर सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी, ही सोयीची रचना आहे. परंतु सहा मिनिटांची चाचणी सहा मिनिटांत घडणारे मोजते. ज्याचा परिणाम दोन दिवसांनी होतो ते तिच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय मध्येच गळालेल्या रुग्णांना हिशेबातून वगळले, तर ज्यांना अपाय झाला तेच नेमके वगळले जाण्याचा धोका असतो. उरलेल्यांची सरासरी मग सुधारलेली दिसते, आणि ती दिसणे अपरिहार्यही असते. म्हणून प्रत्येक सत्रानंतर २४ व ४८ तासांनी लक्षणांची नोंद घेणे, आणि सोडून गेलेल्या प्रत्येकास कारण विचारणे, या दोन अटी कोणत्याही अभ्यासाला लावाव्यात. त्यांना खर्च एका दूरध्वनीचा येतो.

दुसरी गोष्ट भाषेविषयी. आंतरराष्ट्रीय प्रश्नावलींचे मराठी रूपांतर करताना एका परकीय शब्दासाठी सर्वत्र 'थकवा' हा शब्द योजला, तर महत्त्वाचे भेद बुजून जातात. मराठी माणूस कामानंतरच्या दमणुकीला 'शीण' म्हणतो, आजारातील निरुत्साहाला 'मरगळ' म्हणतो, अकस्मात शक्ती गेल्यास 'हातपाय गळाले' म्हणतो, आणि भान मंदावल्यास 'ग्लानी आली' म्हणतो. 'दम लागतो' आणि 'श्वास पुरत नाही' या तक्रारीही एक नव्हेत. पहिली श्रमाशी निगडित आहे, तर दुसरी विश्रांतीतही असू शकते आणि श्वसनाच्या बिघडलेल्या लयीकडे बोट दाखविते. विदर्भातील, कोकणातील आणि मराठवाड्यातील रुग्ण यांसाठी कोणते शब्द वापरतात, हे प्रत्यक्ष ऐकून नोंदविणे हे स्वतंत्र संशोधनाचे काम आहे. आणि ते मराठी भाषक अभ्यासकांवाचून दुसरे कोणी करणार नाही.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. दीर्घकालीन परिणामांचे रुग्ण मात्र त्यानंतरही उपचारकांकडे येत राहिले. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या नेहमीच्या तपासण्या निर्दोष निघतात, आणि त्यांची तक्रार खरी मानावयाची की नाही, हा निर्णय अनेकदा भौतिकोपचारकाच्या खोलीतच होतो. अशा वेळी 'आज किती करवले?' या प्रश्नाइतकाच 'परवा काय झाले?' हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातच लागली पाहिजे. तोवर मात्रा लिहिणारा हात आणि तिचा परिणाम भोगणारे शरीर यांमधील दोन दिवसांचे अंतर कायम राहील, आणि त्याची किंमत रुग्णच देत राहील.